उंच केलेल्या जिप्सीसाठी नवा प्रोपेलर शाफ्ट: माप घेण्यापासून पहिल्या धावेपर्यंत

माझ्या जिप्सीसाठी बनवलेला पहिला प्रोपेलर शाफ्ट (इंजिनाची ताकद चाकांच्या धुरीकडे नेणारी फिरती नळी) एक किलोमीटरही धावला नाही. पाटे (पानांच्या स्प्रिंगा) हाउसिंगच्या, म्हणजे धुरीच्या लोखंडी कवचाच्या, खालून काढून वर बसवले होते, गाडी साडेचार इंच उचलली गेली होती, आणि मी लेथवाल्या काकांना ऐटीत सांगितलं, "साडेचार इंच वाढवा." त्यांनी वाढवला. बसवायला गेलो तर शाफ्ट दोन टोकांच्या फ्लँजच्या (बोल्ट लावायच्या चकत्यांच्या) मध्ये शिरेचना. चूक काकांची नव्हती. मी सांगितलं तेवढं त्यांनी केलं होतं.

गाडी ११५ मिलिमीटर वर गेली म्हणून शाफ्ट ११५ मिलिमीटर लांब होत नाही. तो किती वाढतो ते पुढे आकड्यांत दाखवतो. लेथ, वेल्डिंग, बॅलन्सिंग ही कामं मुंबईत हवी तशी करून मिळतात. मापं मात्र गाडीखाली झोपून तुम्हालाच घ्यावी लागतात, आणि शाफ्ट बिघडतो तो बहुतेक वेळा तिथेच. उदाहरणं जिप्सीची आहेत, पण जुनी थार, एमएम ५४० किंवा पिकअप असली तरी रीत हीच.

आधी कायद्याचं

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील आणि कंपनीची मूळ रचना यांत फरक पडेल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. १५ वर्षं झालेल्या गाडीच्या पुनर्नोंदणीच्या तपासणीत उंची डोळ्यांत भरणारच. म्हणून काम सुरू करण्याआधी तुमच्या आरटीओत आणि विमा कंपनीत लेखी विचारून घ्या. गाडी फक्त खासगी ट्रॅकवर चालवणार असाल तर ती तिथवर ट्रेलरवरून नेण्याचा खर्च धरा. "सगळेच करतात" हे उत्तर अपघातानंतर विमावाल्यांपुढे चालत नाही.

जवळ काय हवं

कागद: आरसी आणि विम्याची प्रत, नळीच्या खरेदीची पावती, मिळालं तर त्या नळीचं मिल टेस्ट सर्टिफिकेट (कारखान्याचा चाचणी दाखला), आणि तुमच्या हातचा मापांचा कागद. हा शेवटचा सगळ्यांत महत्त्वाचा.

साधनं: चुंबकी बुडाचा डिजिटल अँगल गेज, १५० मिलिमीटरचा व्हर्नियर, स्टीलची टेप, डायल गेज, टॉर्क पाना, ग्रीस गन, पांढरा पेंट मार्कर, आणि चार भक्कम जॅकस्टँड. अँगल गेज आणि व्हर्नियर मी नागदेवी स्ट्रीटवर घेतले. तिथे गेलात की अँगल गेज दुकानातल्या काचेच्या काउंटरवर शून्य न करता ठेवून आकडा वाचा, मग त्याच जागी उलट फिरवून पुन्हा वाचा. दोन आकड्यांत फरक आला तर दुसरा मागा.

१. जुना शाफ्ट कापू नका

तुमच्याच शाफ्टची नळी कापून मध्ये तुकडा घालून देतो, असं कुणीतरी म्हणेलच. स्वस्त पडतं खरं, पण मग गाडी मूळ अवस्थेत आणायचा रस्ता बंद होतो आणि नवा बिघडला तर घरी यायला शाफ्टच उरत नाही. त्याऐवजी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या जुन्या पार्टच्या बाजारातून त्याच मॉडेलचा दुसरा शाफ्ट आणा आणि त्याचे योक (टोकांचे दोन कानांचे तुकडे) व दाते (एकमेकांत सरकणाऱ्या खाचा) वापरा. घेताना स्लिप योक (दात्यांवर सरकणारं टोक) आत-बाहेर सरकवून पाहा, मग पिळून पाहा. पिळताना दात्यांत चाल जाणवली तर तो शाफ्ट तिथेच ठेवा. नळी वाकलेली असली तरी हरकत नाही, ती तशीही फेकायचीच आहे.

२. गाडी खऱ्या उंचीवर उभी करा

मापं घेताना गाडीचं वजन चाकांवरच हवं. जे टायर कायम वापरणार तेच लावा आणि टाकी अर्धी भरा. विंच, लोखंडी बंपर, मागची जाळी, जे काही बसवायचं आहे ते आधी बसवा. नवे पाटे असतील तर दोनतीनशे किलोमीटर चालवून त्यांना बसू द्या. नवे पाटे खाली बसतातच, आणि त्याबरोबर तुमचे कोनही बदलतात.

सपाट जागा ही मुंबईतली खरी अडचण. आमच्या सोसायटीचं पार्किंग पाण्याच्या निचऱ्यासाठी उताराचं आहे, त्यामुळे पहिल्या दिवसाचे सगळे आकडे वाया गेले. उतार असेल तर आधी चासीच्या लांबीच्या तुळईवर गेज ठेवून शून्य करा आणि पुढचे सगळे कोन त्या शून्यापासून मोजा.

शाफ्ट काढण्याआधी चाकांना पुढून-मागून दगड लावा. गाडी गिअरमध्ये ठेवली म्हणून निर्धास्त होऊ नका. शाफ्ट निघाला की गिअरबॉक्सचा चाकांशी संबंधच संपतो. जुन्या जीपमध्ये हँडब्रेकचा ड्रमही ट्रान्सफर केसच्या (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या पेटीच्या) मागेच असतो, म्हणजे तिथे हँडब्रेकही जातो. तुम्ही त्या वेळी गाडीखाली असता, हे विसरू नका.

३. कोन

इथे घाई नको.

साधा क्रॉस जॉइंट (चार टोकांच्या फुलीवरचा सांधा) कोनात फिरला की एक गंमत होते. आत येणारा वेग एकसारखा असला तरी बाहेर पडणारा वेग दर फेऱ्यात दोनदा वाढतो आणि दोनदा घटतो. जॉइंटचा कोन ११ अंश आणि शाफ्टचा वेग मिनिटाला ३,००० फेरे असेल, तर बाहेरचा वेग २,९४५ आणि ३,०५६ यांच्यामध्ये हिंदकळत राहतो. दुसऱ्या टोकाचा जॉइंट तेवढ्याच कोनात, उलट क्रमाने हिंदकळला तर दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात आणि पिनियनला (हाउसिंगमध्ये शिरणाऱ्या गिअरच्या दांड्याला) पुन्हा एकसारखा वेग मिळतो. यासाठी दोन अटी आहेत: दोन्ही टोकांचे कोन सारखे हवेत, आणि शाफ्टच्या दोन्ही योकचे कान एकाच पातळीत हवेत. दुसऱ्या अटीचं वेल्डिंगच्या वेळी पाहू.

तीन ठिकाणी गेज लावा: ट्रान्सफर केसच्या फ्लँजवर, शाफ्टच्या नळीवर आणि पिनियनच्या फ्लँजवर. फ्लँजचा चेहरा उभा असतो, त्यामुळे तिथला आकडा ९० मधून वजा करावा लागेल. जॉइंटचा कोन म्हणजे नळीचा उतार आणि त्या टोकाच्या फ्लँजच्या अक्षाचा उतार यांतला फरक.

माझे आकडे असे होते. ट्रान्सफर केसचा अक्ष मागे जाताना ३ अंश खाली. नळी १४ अंश खाली. म्हणजे पुढचा जॉइंट ११ अंशांवर. मागचाही ११ अंशांवर यायचा तर पिनियनचा अक्ष ट्रान्सफर केसच्या अक्षाला समांतर हवा, म्हणजे पिनियनचं नाक ३ अंश वर. पाट्यांच्या नव्या बैठका वेल्ड करणाऱ्याने मात्र ते ८ अंश वर ठेवलं होतं. मागचा कोन झाला ६, फरक ५ अंशांचा. दोन टोकांतला फरक एक अंशाच्या आत हवा.

"पिनियन शाफ्टकडे वळवला की जॉइंटला आराम" हा सल्ला तुम्हाला दहा जण देतील. तो खरा आहे, पण फक्त ट्रान्सफर केसच्या टोकाला डबल कार्डन जॉइंट (दोन क्रॉस एकत्र जोडलेला सांधा) असेल तेव्हा. साध्या दोन क्रॉसच्या शाफ्टला तो सल्ला लावला की ऐंशीच्या वेगाला मागची सीट गुणगुणायला लागते.

अजून एक. पाट्यांच्या गाडीत एक्सलेटर दाबला की मागचं हाउसिंग पिळतं आणि पिनियनचं नाक वर येतं. म्हणून उभ्या गाडीत ते समांतरपेक्षा एक ते दोन अंश खाली ठेवा. मी दीड ठेवलं. कोन सुधारायला पाटा आणि हाउसिंगच्या बैठकीमध्ये पाचर घालतात. ती स्टीलचीच घ्या, ॲल्युमिनियमची चेपत जाते आणि यू-बोल्ट सैल पडतात. पाच अंशांचा फरक दिसला तर पाचर न घालता बैठका कापून पुन्हा वेल्ड करणं बरं.

पुढच्या हाउसिंगला ही युक्ती वापरू नका. पुढचा पिनियन वर उचलला की कॅस्टर (स्टीअरिंग आपोआप सरळ आणणारा चाकांचा कल) कमी होतो, मग सरळ रस्त्यावरही गाडी स्टीअरिंग धरून ठेवायला लावते. पुढे मी कोनातली तडजोड मान्य केली. फोर व्हील ड्राइव्ह लागतो तिथे वेग कमीच असतो.

जिप्सीवाल्यांसाठी खास: गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस वेगवेगळे आहेत आणि त्यांच्यामध्ये एक आखूड शाफ्ट आहे. पाटे वर नेल्याने तो बदलत नाही. पण मागचा कोन कमी करायला ट्रान्सफर केस खाली उतरवलात तर त्या आखूड शाफ्टचे कोन बिघडतात. मग थरथर मागून न येता थेट तुमच्या सीटखालून येते.

वरून पाहिल्यावर शाफ्ट तिरका जात असेल तर तो आडवा कोनही मोजा. उभ्या आणि आडव्या कोनांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं की खऱ्या कोनाच्या पुरेसं जवळ जाता.

४. लांबी

आता त्या साडेचार इंचांचा हिशोब. जुना शाफ्ट ८०० मिलिमीटर, ६ अंशांच्या उतारावर, म्हणजे दोन टोकांच्या उंचीत ८४ मिलिमीटर फरक आणि आडवं अंतर ७९६. गाडी ११५ मिलिमीटर उचलली की उंचीतला फरक १९९ होतो. ७९६ आणि १९९ चा कर्ण काढा: ८२०. शाफ्ट फक्त २० मिलिमीटर वाढला, कोन मात्र ६ वरून १४ वर गेला. मी काकांकडून ११५ वाढवून आणला होता!

हा हिशोब अंदाजापुरताच. खरं माप फ्लँजच्या चेहऱ्यापासून फ्लँजच्या चेहऱ्यापर्यंत टेपने घ्या आणि तीन स्थितींत घ्या:

- गाडी चाकांवर उभी असताना.
- चासी उचलून चाकं पूर्ण लोंबकळत असताना.
- पाटे पूर्ण दबून हाउसिंग बंप स्टॉपला (चासीवरच्या रबरी अडथळ्याला) टेकलेलं असताना. एका बाजूच्या चाकाखाली रॅम्प द्या किंवा पाट्यांची काही पानं तात्पुरती काढून जॅकने हाउसिंग वर ढकला.

सगळ्यांत आखूड मापाला स्लिप योकमध्ये अजून १५ ते २० मिलिमीटर जागा शिल्लक हवी. ती नसेल तर खड्ड्यात गाडी आपटली की शाफ्ट ट्रान्सफर केसच्या बेअरिंगवर घण मारतो. सगळ्यांत लांब मापाला दाते एकमेकांत पुरेसे अडकलेले हवेत. मी दात्यांच्या व्यासाच्या दीडपट पकड ठेवतो, त्याखाली जात नाही. दोन्ही एकाच वेळी जमत नसेल तर जास्त चालीचा स्लिप योक लागेल. "चालेल, एवढं कोण लोंबकळतं" असं म्हणणाऱ्याला गाडी दगडावर चढवून मागचं चाक हवेत कसं लटकतं ते दाखवा.

चाकं लोंबकळत असतानाच शाफ्ट हाताने पूर्ण फिरवून पाहा. योकचे कान कुठे अडत असतील तर तिथे झिजलेली चमकदार खूण दिसते. थोडं घासून जागा करता येते. फार घासावं लागत असेल तर पाटे किती खाली लोंबकळू द्यायचे त्यावर पट्ट्याने मर्यादा घाला.

५. क्रॉस आणि योक

क्रॉस घेताना दोन मापं सांगावी लागतात: कपचा (क्रॉसच्या टोकावरच्या टोपीचा) व्यास आणि समोरासमोरच्या दोन कपांच्या बाहेरच्या टोकांमधलं अंतर. शिवाय कप धरून ठेवणारं लॉक आतून बसतं की बाहेरून, तेही. इम्पोर्टेड योक हाती लागला तर तो बहुधा १३१० मालिकेचा असेल: कप २७ मिलिमीटरचा, रुंदी ८१.८. जिप्सीचा मूळ क्रॉस त्यात बसत नाही. दोन टोकांना दोन वेगळ्या मालिका असल्या तरी चालतं, फक्त दोन्हींचे सुटे क्रॉस इथे मिळतात ना, ते आधी पाहा. ताम्हिणी घाटात अडकल्यावर अमेरिकेतून पार्सल येईपर्यंत थांबायला वेळ कुणाला आहे?

६. नळी

पाण्याची नळी नको, फर्निचरची तर नकोच. वाहनांसाठीच्या स्टीलच्या नळ्यांचं भारतीय मानक आयएस ३०७४ आहे. दुकानात "सीडीडब्ल्यू" म्हणजे कोल्ड ड्रॉन वेल्डेड किंवा सीमलेस मागा. जाडी ३ मिलिमीटर घेतली की दगडावर घासली तरी चेपत नाही. कर्नाक बंदर किंवा कळंबोलीच्या लोखंड बाजारात अख्खी लांबी घ्यावी लागू शकते, म्हणून ओळखीतल्या दुसऱ्या कुणाला शाफ्ट करायचा असेल तर एकत्र घ्या. दारूखान्यातली (जुनी जहाजं तोडतात त्या भागातली) जहाजावरची नळी दिसायला दणकट असते, पण तिचं आधीचं आयुष्य कुणालाच ठाऊक नसतं.

मजबुतीसाठी भरीव बार घालू, असं सुचवणारे भेटतील. ५० मिलिमीटरचा भरीव बार ८२० लांबीला साडेबारा किलो होतो. त्याच व्यासाची ३ मिलिमीटरची नळी तीन किलोलाही थोडी कमीच भरते आणि पिळाला भरीव बारच्या ४० टक्के ताकद देते. वजनाच्या मानाने नळी कितीतरी पुढे आहे.

बार फिरण्यातही मागे पडतो. प्रत्येक शाफ्टचा एक धोक्याचा वेग असतो, तिथे तो दोरीउड्यांच्या दोरीसारखा मधून फुगायला लागतो. स्टीलसाठी हिशोब असा: बाहेरच्या आणि आतल्या व्यासाच्या वर्गांची बेरीज, तिचं वर्गमूळ, गुणिले १२.१ कोटी, भागिले लांबीचा वर्ग. सगळं मिलिमीटरमध्ये, उत्तर मिनिटाला फेरे. आपल्या नळीला सुमारे १२,००० येतात, भरीव बारला ९,०००. ७२० मिलिमीटर व्यासाचा टायर आणि ४.१ गिअर गुणोत्तराचं हाउसिंग धरलं तर ताशी १०० किलोमीटरला शाफ्ट ३,००० च्या आसपास फिरतो. म्हणजे जिप्सीला चिंता नाही. पण पिकअपवाल्यांनो, तुमचा एकसंध शाफ्ट १,५०० मिलिमीटरचा झाला तर याच ५० च्या नळीचा धोक्याचा वेग ३,६०० वर उतरतो. तो फार जवळ झाला. ७६ मिलिमीटरची नळी घ्या, तो साडेपाच हजारांवर जातो, नाहीतर सेंटर बेअरिंग घालून शाफ्टचे दोन भाग करा.

७. लेथ आणि वेल्डिंग

साकीनाक्याच्या बाजूला लेथवाले भरपूर आहेत. आधी प्रोपेलर शाफ्ट केलेलाच माणूस शोधा. त्याला फक्त एवढंच विचारा: "कान कसे जुळवणार?" दोन्ही टोकं सपाट पाटावर ठेवून, व्ही-ब्लॉकवर, असं काही उत्तर आलं तर काम द्या. "डोळ्याने दिसतं की" म्हणाला तर चहा पिऊन निघा.

नळीचं टोक लेथवर काटकोनात कापलेलं आणि वेल्डसाठी कड उतरवलेलं हवं. योकचा दांडा नळीत ठोकूनच बसायला हवा, सहज सरकला तर शाफ्ट मध्याबाहेर जातो. स्लिप जोडून दोन्ही टोकांचे कान एका पातळीत आणा आणि समोरासमोर चार टाके मारा. मग डायल गेज लावून शाफ्ट फिरवा. सुई पाव मिलिमीटरपेक्षा जास्त हलली तर टाके तोडून पुन्हा. हे पूर्ण वेल्ड करण्याआधीच करायचं. वेल्डही एका दमात गोल न फिरवता समोरासमोर तुकड्यांत करायला सांगा, नाहीतर उष्णतेने शाफ्ट वाकतो.

वेल्डिंगची अर्थिंगची वायर नळीलाच लावा. पलीकडच्या योकला लावली तर करंट क्रॉसच्या कपांतल्या बेअरिंगच्या सुयांमधून जातो आणि नव्या क्रॉसला आतून खड्डे पडतात. शक्य असेल तर क्रॉस बसवण्याआधीच वेल्ड उरका.

काम संपल्यावर स्लिप योक आणि नळीवर पांढऱ्या पेंटने समोरासमोर बाण काढा. पुढे कधी शाफ्ट उघडला आणि दाते एका घराने चुकून बसले, तर केलेली सगळी जुळवणी गेली.

८. बॅलन्सिंग

दोन सुऱ्यांवर ठेवून जड बाजू खाली जाते का पाहणं म्हणजे बॅलन्सिंग नव्हे. शाफ्ट फिरत्या मशीनवर, दोन्ही टोकांना वेगवेगळा मोजला गेला पाहिजे. ट्रक आणि बसची कामं करणारे हे करतात. प्रोपेलर शाफ्टला जी १६ हा दर्जा मागा. ६ किलोचा शाफ्ट ३,००० फेऱ्यांवर धरला तर २५ मिलिमीटर त्रिज्येवर दर टोकाला साधारण ६ ग्रॅमची सूट त्यात बसते. मशीनवरचा शेवटचा आकडा मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.

क्रॉस बसवलेल्या अवस्थेतच बॅलन्स करा. रंग त्यानंतर, आणि तोही पातळ.

९. बसवणं

नट-बोल्ट नवे, १०.९ ग्रेडचे. टॉर्क मॅन्युअलप्रमाणे. एक्झॉस्ट, हँडब्रेकची केबल आणि पेट्रोलची नळी शाफ्टपासून किमान २५ मिलिमीटर लांब हवी, तीही पाटे पूर्ण दबलेले असताना. ग्रीस चारही कपांच्या सीलमधून डोकावेपर्यंत भरा. तीन कपांतून आलं आणि एक कोरडा राहिला, तर जॉइंट हलवून पुन्हा भरा. तो कोरडा कपच आधी जातो.

१०. पहिली धाव

आधी गल्लीत, मग मोकळ्या रस्त्यावर वेगमर्यादेच्या आत ४०, ६०, ८०. शेजारी कुणालातरी कान देऊन बसवा.

- थरथर वेगाबरोबर वाढते आणि एक्सलेटर सोडला तरी तशीच राहते: बॅलन्स किंवा वाकलेली नळी.
- एक्सलेटर दाबला की येते, सोडला की जाते, किंवा नेमकी उलट: पिनियनचा कोन.
- गाडी सुटताना एकच "टक्": दाते किंवा क्रॉसमध्ये चाल, नाहीतर सैल बोल्ट.
- कमी वेगाला चिमणीसारखा चिवचिवाट: क्रॉसचा कोरडा कप. घरी पोहोचा आणि ग्रीस भरा.

१०० किलोमीटर झाले की सगळे बोल्ट आणि यू-बोल्ट पुन्हा टॉर्क करा. माझ्या पाचरेखालचे दोन यू-बोल्ट तेवढ्यात पाव फेरा सैल झाले होते. पावसाळ्यात ओढा ओलांडला की त्याच रात्री ग्रीस गन काढा, दुसऱ्या दिवशीवर ढकलू नका. टूलबॉक्समध्ये एक क्रॉस, चार लॉक, सर्क्लिप प्लायर आणि चार बोल्ट कायम ठेवा. जुना मूळ शाफ्ट माझ्याकडे अजून आहे, बाल्कनीत, जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलाय. घरच्यांना तो पडद्याचा रॉड वाटतो.